ऑनलाइन साधनांनी मराठी व्याकरण आणि लेखन शिकवताना : सोलापूरच्या शिक्षक-पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पालकसभेत, शिक्षकांच्या बैठकीत आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे पाचवी ते दहावीच्या मराठीला धरून आहेत.

मोबाइलवर व्याकरण खरंच सुधारतं का? आमचा मुलगा तर नुसता स्क्रोल करत बसतो.

सुधारते, पण एका अटीवर. चूक साधनाने दाखवायची आणि ती चूक का, हे मुलाने सांगायचे. ही अट सुटली की मूल बरोबर पर्यायावर बोट टेकवायला शिकते, लिहायला शिकत नाही. आमच्या वर्गात लाल रेघ आलेला शब्द बदलायचा असेल तर शेजारी कारण लिहावे लागते : ‘सामान्यरूप झाले म्हणून उकार ह्रस्व’, ‘कर्ता अनेकवचनी’, ‘विहीर स्त्रीलिंगी’. कारण देता आले नाही तर शब्द आहे तसा ठेवायचा आणि मला विचारायचे. खाली जी जी साधने सुचवली आहेत ती सगळी याच आग्रहाने वापरायची आहेत.

कहूटसारखे प्रश्नमंजूषेचे खेळ उजळणीपुरते चांगले. वर्गात दंगा होतो, मुले खूश होतात आणि समास-अलंकारांची नावे पक्की होतात. लेखन मात्र त्याने येत नाही.

इंग्रजीला ग्रामरली आहे. मराठीला तसं काय आहे?

ग्रामरली मराठी तपासत नाही. मराठीसाठी हाताशी आहे ती शुद्धलेखन तपासणी. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मराठीची तपासणी सुरू करता येते, लिब्रेऑफिस या मोफत पॅकेजला मराठी शब्दसंग्रह जोडता येतो आणि फायरफॉक्स ब्राउझरलाही तो बसवता येतो. शाळेच्या संगणक कक्षात एकदा बसवून घ्या, मग इंटरनेट नसले तरी चालते.

तिची मर्यादा मात्र मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावी. ती शब्द तपासते, वाक्य तपासत नाही. ‘त्याने पुस्तक वाचला’ यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर शुद्ध आहे, म्हणून रेघ येत नाही. ‘बाबांनी सुत आणले’ लिहिले तरी ती गप्प बसते, कारण ‘सुत’ म्हणजे मुलगा हा शब्द कोशात आहे. बाबांनी विणायच्या मागासाठी आणले ते ‘सूत’. दिन-दीन, शिर-शीर यांचीही तीच गत.

उलटही घडते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘चादरींवरच्यासुद्धा’ हा शब्द तुम्हीआम्ही सहज लिहितो, पण शब्दसंग्रहात अशी सगळी रूपे असणे शक्य नाही, म्हणून शुद्ध शब्दाखालीही रेघ उमटते. मी यातून तासच तयार करते. मुलांचा एक परिच्छेद फळ्यावरच्या पडद्यावर उघडायचा आणि प्रत्येक लाल रेघेवर वर्गाने निकाल द्यायचा : रेघ खरी की खोटी, आणि कशावरून? नंतर रेघ नसलेल्या चुका हुडकायच्या. हा दुसरा भाग मुलांना जास्त आवडतो. यंत्राला जे दिसले नाही ते आपल्याला दिसले, याचा त्यांना अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. मुलगी ‘मी चादर विणलो’, ‘पुस्तक आला’ असं लिहिते. कोणतं ॲप चालेल?

सोलापुरात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

सर्वांत आधी, मुलगी कच्ची आहे असे समजू नका. ती एका भाषेची शिस्त दुसऱ्या भाषेला लावते आहे. तेलुगूत आणि कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यामागे चालते. कर्ता ‘मी’ असेल तर क्रियापद ‘मी’चे. मराठीत वाक्यात कर्म असेल तर भूतकाळात बहुधा कर्मणी प्रयोग येतो आणि क्रियापद कर्मामागे जाते. शिवाय ‘त्याने’, ‘तिने’, ‘आईने’ यांना निदान ‘ने’ दिसतो. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांच्यावर काहीच खूण नसते. ‘मी आलो’ आणि ‘मी चादर विणली’ यांतला ‘मी’ दिसायला अगदी एकच. मग ‘मी आलो’, तसे ‘मी विणलो’ असे मुलीला वाटले तर नवल नाही. सोलापूरच्या बाजारात तर ‘मी काम केलो’ हे मराठी घरांतूनही ऐकू येते.

यावर ॲप नको, गूगल शीट पुरे. एका रकान्यात कर्ता : ‘मी’, आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. दुसऱ्या रकान्यात कर्म, तिसऱ्यात क्रियापदाची यादी ड्रॉपडाउनने द्यायची : विणला, विणली, विणले, विणल्या. मुलगी निवडत जाते :

मी टॉवेल विणला.
मी चादर विणली.
मी कापड विणले.
मी चादरी विणल्या.

चार ओळी एकाखाली एक आल्या की कर्ता स्थिर राहून क्रियापद हलते आहे, हे डोळ्यांना दिसते. मग पुढचे पान : कर्म कायम ठेवून कर्ता बदलायचा. मी चादर विणली, दादाने चादर विणली, आम्ही चादर विणली. आता क्रियापद हलत नाही. या दोन पानांनंतर ‘कर्मणी प्रयोग’ हे नाव सांगितले तर ते टिकते; आधी व्याख्या पाठ करून घेतली तर टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिसरे पान अपवादांचे ठेवा, नाहीतर मुले नियम सगळीकडे चालवतील. ‘मी वही विसरले’, ‘मी मराठी शिकले’ इथे कर्म असूनही क्रियापद कर्त्याबरोबर जाते. विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदे वेगळी नोंदवून घ्यावीत.

लिंगाचा प्रश्न निराळा. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. तेलुगूत एकवचनात पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या. खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’ आणि पंखा ‘तो’ का, याला मराठीत अर्थाचा आधार नाही, ते ऐकून आणि वापरूनच येते. उर्दू माध्यमातून आलेली मुले ‘पाणी आला’ लिहितात, कारण त्यांच्याकडे पाणी पुल्लिंगी आहे आणि नपुंसकलिंग हा प्रकारच नाही. म्हणून वर्गाची एक सामाईक लिंगवही ऑनलाइन ठेवावी. प्रत्येकाने रोज घरातली, मागावरची, गल्लीतली दोन नामे टाकायची : तो-ती-ते, अनेकवचन आणि ‘ला’ लावून होणारे रूप. धोटा, धोटे, धोट्याला. कांडी, कांड्या, कांडीला. सूत, सुते, सुताला. घरी माग असेल तर वडील आणि आजोबा शब्द पुरवतात आणि वही भराभर वाढते. शंका आली तर कोश उघडायचा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

मुलं ‘मी शाळेला जायलो’, ‘काय करायलास’ असं लिहितात. लाल करायचं का?

निबंधाच्या निवेदनात असेल तर प्रमाणरूप सुचवा. कथेतल्या पात्राच्या तोंडी असेल तर ठेवा, आणि अवतरणचिन्हात ठेवायला शिकवा. सोलापूरच्या रिक्षावाल्याला पुस्तकी बोलायला लावले तर कथा तिथेच मरते.

मोबाइलचा रेकॉर्डर इथे कामी येतो. मुलाने आजीला एखादी आठवण विचारावी, तिच्या परवानगीने रेकॉर्ड करावी आणि दोनदा लिहावी : एकदा आजी बोलली तशी, एकदा शाळेच्या मासिकात द्यायची तशी. ‘जायलो’चे ‘जातो आहे’ करताना मुलाला अपूर्ण काळ कळतो. आणि आजीची भाषा चुकीची नाही, ती दुसऱ्या प्रसंगाची आहे, हेही वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी टाइप करायला कोणता कीबोर्ड बरा?

घाईच्या निरोपाला कोणताही. शिकण्यासाठी देवनागरी अक्षरांचाच. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याच्या पद्धतीत ह्रस्व-दीर्घ कोणते ते फोन ठरवतो, मूल फक्त सुचवलेला शब्द टिपते. म्हणजे ज्या गोष्टीचा सराव हवा नेमकी तीच दुसऱ्याकडून करून घेतली जाते. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडताना देवनागरी मांडणी घ्या. संगणकावर इन्स्क्रिप्ट शिकवा : डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ही मांडणीच वर्णमालेचा धडा आहे, कारण क-ख, ग-घ, ज-झ अशा जोड्या एकेका कळीवर बसवल्या आहेत.

दोन जागी सगळेच अडतात. एक म्हणजे ‘दऱ्या’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, आणि र, हलन्त, य असे टाइप केले की नेहमी पहिलाच उमटतो. दुसऱ्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टमध्ये र आणि ऱ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट धरले की ऱ येतो. दुसरी जागा ‘ॲ’. हे एक अखंड अक्षर आहे. काही जण अ घेऊन त्यावर चंद्र चढवतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी, पण संगणकाला वेगळी, त्यामुळे शोध घेतला की शब्द सापडत नाही.

जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका मोबाइलवर उघडल्या की अगम्य चिन्हे दिसतात. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात बदलून घ्या, नाहीतर नव्याने टाइप करा. एकदा केलेले काम वर्षानुवर्षे चालते.

फोनवरचा ‘श’ आणि ‘ल’ पुस्तकातल्यासारखे का दिसत नाहीत?

युनिकोडमध्ये ‘श’चा संकेत एकच आहे, आकार फॉन्ट ठरवतो. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदीत रुळलेला आकार मूळ धरलेला असतो. मराठीसाठी कोणते वळण प्रमाण, हे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगितले आणि १० नोव्हेंबर २०२२ ला सुधारित निर्णय काढला. स्क्रीनवर कसाही दिसो, वहीत मुलाने पुस्तकातले वळण गिरवावे.

ह्रस्व-दीर्घ काही केल्या जमत नाही. त्याला ऑनलाइन उपाय?

हे कानाने येत नाही, हे आधी मान्य करू. मराठी बोलताना ‘कवि’ आणि ‘कवी’ यांच्या उच्चारात फरक पडत नाही. म्हणून ‘नीट ऐका, मग लिहा’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. नियम माहीत हवेत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. अठरा नियमांत शाळेपुरते रोज लागणारे थोडेच.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : कवी, गुरू, पाटी. संस्कृतातून आलेला, मुळात ह्रस्व शेवट असलेला शब्द समासात आधी आला की ह्रस्व : कविराज, गुरुकुल. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा (उपान्त्य) इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ : विहीर, फूल, सूत. सामान्यरूप झाले, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलला, की तोच ह्रस्व : विहिरीला, फुलाला, सुताला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपले रूप राखतात : गुण, मधुर आणि शरीर, शरीराला.

एवढ्यावर गूगल फॉर्म्सची चाचणी बनवा. फॉर्मला चाचणीचे रूप दिले की उत्तरे आपोआप तपासली जातात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली तुम्हाला दोन ओळी लिहून ठेवता येतात. खरी मेहनत त्या दोन ओळींची आहे. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असे लिहू नका. ‘फूल दीर्घ आहे, पण ला लागल्यावर उपान्त्य उकाराचे काय होते?’ असे लिहा. प्रत्येक प्रश्नानंतर ‘कारण’ ही छोट्या उत्तराची जागा सक्तीची करा. ती हाताने वाचावी लागते, वेळ जातो, तरीही ती काढू नका.

बोलून टाइप केलं तर ते लेखन कसलं?

अर्धे लेखन. पण ज्या मुलाचा हात विचारापेक्षा फार हळू चालतो, त्याच्यासाठी ते मोठे दार आहे. गूगलचे आवाजी टायपिंग २०१७ पासून मराठीत आहे. दोन ओळींवर न जाणारा मुलगा बोलताना पानभर बोलतो, हे मी पाहिले आहे.

पुढचे अर्धे काम विरामचिन्हांचे. बोललेला मजकूर बहुधा सलग उमटतो. तो तसाच वर्गात घ्यावा, जसा गड्ड्याबद्दलचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेबद्दलचा हा : ‘आम्ही गड्ड्याला गेलो खूप गर्दी होती आई म्हणाली हात सोडू नको मी पाळण्यात बसले भीती वाटली पण सांगितलं नाही’. पूर्णविराम कुठे? आईचे शब्द कुठे सुरू होऊन कुठे संपतात? परिच्छेद कुठे तोडायचा? आणि भीती वाटली ते सांगितले नाही, ते कोणाला? या शेवटच्या प्रश्नातून नवे वाक्य निघते, तिथे लेखन सुरू होते.

विरामचिन्हाने अर्थ कसा फिरतो हे दाखवायला ‘सर म्हणाले बाबा लवकर येतील’ एवढे एक वाक्य घ्या. सर म्हणाले, “बाबा लवकर येतील.” किंवा, “सर,” म्हणाले बाबा, “लवकर येतील.” येणारा माणूसच बदलतो.

ऑनलाइन शब्दकोश कोणते वापरावेत?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. दोन्हींत नामाचे लिंग दिलेले असते, त्यामुळे वरच्या लिंगवहीला मोठा आधार मिळतो. फक्त मुलांना सांगून ठेवा की लेखन जुन्या पद्धतीचे आहे, अर्थ आणि लिंग घ्या, ह्रस्व-दीर्घ व अनुस्वार आजच्या नियमांनी लिहा. वैचारिक निबंधाची माहिती जमवायला मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ चांगले. पारिभाषिक शब्दांसाठी शासनाचे कोश ऑनलाइन आहेत, पण आठवीच्या मुलाला त्यात पाठवू नका, निबंध कार्यालयीन होतो.

नववी-दहावीच्या हुशार मुलांना काही वेगळं देता येईल?

विकिस्रोत द्या. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. पानाचे छायाचित्र एका बाजूला, संगणकाने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि काम एवढेच : दोन्ही ताडून मजकूर दुरुस्त करायचा. तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्या कोणी पुन्हा तपासले की हिरवे. मुलगी एका ओळीवर जितका वेळ थांबते तितका ती पाठ्यपुस्तकातल्या पानावरही थांबत नाही.

शिवाय जुने लेखन समोर येते. ‘घरांत’, ‘मुलें’, ‘त्यांनीं’. मुले लगेच म्हणतात, मॅडम, पुस्तकच चुकलंय. मग १९६२ ची गोष्ट सांगायची : उच्चारात नसलेले हे अनुस्वार त्या नियमांनी काढले, त्याआधी न देणे ही चूक होती. विकिस्रोतावर पुस्तकात आहे तेच टाइप करायचे असते, सुधारायचे नसते. स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवून दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा राखणे, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

निबंध एआयकडून लिहून आणतात. बंदी घालावी का?

घरी बंदी पाळली जाणार नाही. त्यापेक्षा एआयचा निबंध उघड वर्गात आणा आणि त्याची चिरफाड करा.

‘सोलापूरची गड्डा यात्रा’ यावर एआयकडून एक परिच्छेद लिहून घ्या. वाक्ये गुळगुळीत येतील. ‘ही यात्रा सांस्कृतिक वारशाचे प्रतीक आहे’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ‘भाविकांद्वारे’ अशी. वर्गाला विचारा, यातले कोणते वाक्य तुळजापूरच्या किंवा जेजुरीच्या यात्रेलाही चालेल? बहुतेक सगळी चालतात. ती खोडायची. मग ज्यांनी यात्रा पाहिली त्यांनी भर घालायची : सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीच्या वेळी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाच्या मानेवरच्या शिरा. हा शेवटचा तपशील एका मुलाने लिहिला होता. तो तिथे उभा होता म्हणून त्याला दिसला. ‘द्वारे’ का खटकते, तिथे ‘भाविक करतात’ असा साधा कर्तरी प्रयोग का बरा, हेही याच तासाला निघते.

शिक्षकांनी सरावाची वाक्ये तयार करायला एआय जरूर वापरावा, वेळ वाचतो. पण समासाचा विग्रह, अलंकार, वृत्ताची लघु-गुरू मोजणी यात त्याचे उत्तर स्वतः तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नका. तो चुकीचे उत्तरही पूर्ण आत्मविश्वासाने देतो. तेरा वर्षांखालील मुलांना चॅटजीपीटी वापरण्याची परवानगी नाही आणि अठरापर्यंत पालकांची संमती लागते, म्हणून खालच्या वर्गात ते फक्त शिक्षकांच्या खात्यावर, पडद्यावर. मुलाचे नाव, शाळा, पत्ता त्यात कधीच टाकू नये.

घरात फोन एकच, तोही वडिलांसोबत कारखान्यात जातो. आमचं काय?

या अडचणीवर फोन घ्या हे उत्तर नाही. वर सांगितलेले बहुतेक उपक्रम वर्गात एका फोनवर आणि एका प्रोजेक्टरवर होतात. मुले वहीत लिहितात, शिक्षक निवडक पानांचा फोटो पडद्यावर घेतात, दुरुस्ती सगळ्यांसमोर होते. घरचे काम द्यायचे तर दोन-तीन दिवसांची मुदत द्या आणि ते व्हॉइस मेसेजने पाठवता येईल असे ठेवा. वडील रात्री घरी आले की पाच मिनिटे पुरतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमधून दीक्षा या शासकीय शैक्षणिक ॲपवर उघडणारे साहित्य शाळेतच दाखवा. क्यूआर कोडची ही वाट आपल्याच जिल्ह्यातून गेली : माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना कोड जोडले आणि २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाले. शाळा लहान होती, हे लक्षात ठेवावे.

दहावीचा पेपर हातानेच लिहायचा. मग टायपिंगवर वेळ का घालवायचा?

कच्चा मसुदा स्क्रीनवर आणि पक्का वहीत, म्हणून. स्क्रीनवर वाक्य हलवता येते, परिच्छेद खालीवर करता येतो, त्यामुळे मूल पुनर्लेखनाला कंटाळत नाही. नंतर तोच मजकूर हाताने, घड्याळ लावून. दहावीच्या कुमारभारती या मराठी विषयाच्या ८० गुणांत भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ आहेत, म्हणजे अर्धा पेपर याच दोन गोष्टींचा. पत्रलेखनाचा नमुना तर आता ई-मेलच्या धर्तीवरच आहे, तेव्हा एकदा खरा ई-मेल लिहून पाठवलेला बरा. विषयाची ओळ कशी असावी ते तिथेच कळते.

साठ मुलांचं लेखन तपासायचं कसं?

सगळे तपासू नका. एका वेळी एकच चूक धरा. या आठवड्यात फक्त क्रियापदाचा मेळ, पुढच्या आठवड्यात फक्त विरामचिन्हे. गूगल डॉक्समध्ये सूचना देण्याची सोय आहे, पण तिथे शुद्ध शब्द टाइप करून देऊ नका. मूल ‘स्वीकारा’ दाबते आणि विषय संपतो. त्याऐवजी शेरा म्हणून खूण टाका : लिंगासाठी ‘लिं’, वचनासाठी ‘व’, प्रयोगासाठी ‘प्र’, ह्रस्व-दीर्घासाठी ‘ह्र’. दुरुस्ती मुलाने शोधायची. आवृत्तींचा इतिहास उघडला की कोणी किती वेळा बदलले, मजकूर एकदम चिकटवला की हळूहळू वाढला, हे दिसते. त्याचा उपयोग चोरी पकडण्यासाठी कमी आणि पालकांना प्रगती दाखवण्यासाठी जास्त करावा.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. त्याला हे सगळं लागू होतं?

होते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. फक्त सुरुवात देवनागरी कीबोर्ड आणि लिंगवहीपासून करा, निबंधापासून नको. घरात मराठी वर्तमानपत्र येत असेल तर रोज एका बातमीचा मथळा मोठ्याने वाचून घ्या, फोनची गरजही नाही.

मुलांचं लेखन ऑनलाइन सगळ्यांना वाचायला ठेवावं का?

ठेवावे, वाचक मिळाला की मूल स्वतःहून चुका काढते. पण पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी. पहिले नाव आणि इयत्ता पुरे, फोटो नको. आधी वर्गाचे सामाईक डॉक्युमेंट, मग पालकांचा ग्रुप, त्यानंतर शाळेचे संकेतस्थळ, अशा पायऱ्या ठेवा. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू घरांतल्या मुलांना त्याच लेखनाचे दोन परिच्छेद घरच्या भाषेत लिहायचे असतील तर तेही शेजारी लावा. आमच्याकडे असे लेखन आले की आजी-आजोबांचे प्रतिसाद व्हॉइस मेसेजने येतात आणि मुले ते वर्गात वाजवून दाखवतात.